ऐकलेल्याचा पत्ता

'खाँसाहेबांची झिंझोटी ऐकली आहे का?' असे विचारले की मुरलेला रेकॉर्डवाला चटकन 'हो' म्हणत नाही. तो उलट विचारतो, 'कुठली प्रत?' अब्दुल करीम खाँ यांच्या त्या ठुमरीची मूळ तबकडी, तिच्यावरून पुढे निघालेली एलपी, एलपीवरून भरलेली कॅसेट आणि कॅसेटवरून संगणकात घेऊन 'साफ' केलेली फाइल. चौघींत चीज तीच, गळा तोच, तरी कानावर पडणारे गाणे चार तऱ्हांचे. एकीत खरखरीच्या मागून गळ्याची धार स्वच्छ येते. दुसरीत खरखर नाही आणि धारही नाही. तिसरीत सगळेच अर्धा सूर चढलेले. नवख्याला तो उलट प्रश्न शिष्टपणाचा वाटतो. त्या प्रश्नामागचे कारण सांगावे आणि तो विचारायची सवय वाचकालाही लागावी, यासाठी हे पुस्तक सिद्ध केले आहे.

यातले लेख लिहिणाऱ्यांत गायक-वादक आहेत, संग्राहक आहेत, ध्वनिमुद्रण करणारे तंत्रज्ञ आहेत आणि निव्वळ ऐकणारेही आहेत. सगळ्यांना विनंती एकच होती: तुम्हाला प्रिय असलेले हिंदुस्थानी संगीताचे एक ध्वनिमुद्रण निवडा, ते का आवडते ते लिहा, आणि ते कसे ऐकू येते तेही लिहा. शेवटची अट बहुतेकांना नवी होती. घराणी, बंदिशी, गवयांचे किस्से, मैफलींच्या आठवणी यांवर मराठीत उदंड लिहिले गेले आहे. मात्र जुने गाणे आज ज्या वस्तूतून आपल्यापर्यंत येते, तिच्याकडे लक्ष क्वचित जाते. आपण 'केसरबाईंचे गाणे ऐकले' असे सहज म्हणतो. प्रत्यक्षात ऐकलेली असते ती एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट यंत्रावर घेतलेली आणि नंतर अनेक हातांतून गेलेली प्रत. या हातांनी काय ठेवले आणि काय घालवले हे कळले, तरच आपली आवड आणि नावड दोन्ही भरवशाच्या होतात. पुस्तकातल्या सगळ्या लेखांचा धागा एवढाच आहे.

हा प्रवास भारतात १९०२ साली सुरू झाला. ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गायसबर्ग यांनी ११ नोव्हेंबरला कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. विजेचा त्यात कुठेच संबंध नव्हता. गाणाऱ्याने मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी येऊन गायचे. त्या आवाजाच्या जोरावरच पडदा थरथरे आणि सुई मेणाच्या पृष्ठावर चर कोरत जाई. मेणाची ही मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हरला पाठवली जात आणि तिथे त्यांच्या तबकड्या निघत. कोणाचे गाणे आहे हे तिथल्या माणसांना कळावे म्हणून शेवटी गाणाऱ्याने स्वतःचे नाव पुकारायचे. गौहरजान यांचे ते ऐटबाज इंग्रजी वाक्य आज कौतुकाने ऐकवले जाते, पण मुळात ती मालाच्या पेटीवर लावलेली चिठ्ठी होती.

कर्ण्याचा कान फार अरुंद होता. साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले काय ते त्याला नीट टिपता येई. त्यामुळे तबल्याचा डग्गा बुडाला. तंबोऱ्याची जवारी ज्या वरच्या स्वनांवर उभी असते, ते पोचलेच नाहीत. 'स' आणि 'श' बोथट झाले. तगून राहिली ती हार्मोनियम आणि फेकीचे, ठाशीव गळे. झोहराबाई आग्रेवाली यांच्या तबकड्या शंभरहून अधिक वर्षांनंतरही अंगावर येतात, याचे पहिले श्रेय त्यांच्या तयारीचे. दुसरे श्रेय असे की त्यांचा खणखणीत आवाज नेमका कर्ण्याच्या पट्ट्यात बसणारा होता. मृदू, खर्जात रमणाऱ्या गवयाला कर्णा न्याय देऊ शकत नव्हता. तेव्हा त्या काळातला एखादा गळा आपल्याला कोरडा वाटला, तर कोरडेपणा गळ्याचा की कर्ण्याचा, हा प्रश्न आधी विचारावा.

खरखरीचेही तसेच. तबकडीत आपल्याच देशातून गेलेली लाख असे, पण लाखेबरोबर खनिजांची बारीक पूडही मिसळलेली असे. पोलादी सुईच्या जड दाबाखाली चर लगेच झिजू नये, म्हणून तो कणखरपणा हवा होता. सुई त्या कणांवरून घासत जाते आणि खरखर उठते. म्हणजे नवी कोरी तबकडीही खरखरत असे. त्या काळचा श्रोता ती खरखर गृहीत धरून तिच्या पलीकडचे ऐकायला शिकला होता. आपल्यालाही ते थोड्या दिवसांत जमते.

वेळेची मर्यादा आवाजाच्या मर्यादेहून कडक होती. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास संपे. बारा इंची थोडी अधिक चाले. एवढ्या वेळात ख्याल कसा मांडायचा? विस्ताराला जागा नव्हती. अस्थाई, अंतरा, रागाची ओळख पटवणाऱ्या दोन-तीन जागा, थोड्या बोलताना, शेवटी तानांची सर आणि समेवर येऊन थांबणे. पुष्कळ जण याला मैफलीचे तुटपुंजे रूप समजतात. प्रस्तुत लेखक या मताचा नाही. चांगल्या तबकडीत एकही आवर्तन फुकट जात नाही. राग सांगायला किमान काय लागते याचे इतके नेमके उत्तर तासाभराच्या गायनात मिळत नाही. संगीताच्या विद्यार्थ्याने अशा तीन मिनिटांचे स्वरलेखन करून पाहावे. हिशेब किती काटेकोर आहे ते कळेल.

पाश्चात्त्य देशांत १९२५ मध्ये विजेवर चालणारे मुद्रण आले आणि ते दशक संपायच्या आत मायक्रोफोन इथेही पोचला. या बदलाचा उत्तम साक्षीदार म्हणजे अब्दुल करीम खाँ. त्यांच्या १९०५ च्या कर्ण्यावरच्या तबकड्यांत तिशीतला तरुण गवई भरधाव ताना घेताना ऐकू येतो. १९३० नंतरच्या तबकड्यांत साठीकडे झुकलेले खाँसाहेब आहेत. गळा बारीक, नाजूक. स्वर लावायचा आणि त्यावर रेंगाळायचे. वयाने आणि चिंतनाने गाणे बदलले हे खरेच, पण ते हळुवार लावलेले स्वर मेणावर उतरवू शकणारे यंत्र आधी यावे लागले. कर्ण्यासमोर तसे गायले असते तर तबकडीवर जवळजवळ काहीच उमटले नसते. याच काळातली झिंझोटीची तबकडी गदगच्या एका मुलाने दुकानात ऐकली आणि असे गाणे शिकायचे म्हणून तो पुढे घर सोडून निघाला. भीमसेन जोशींची ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातला मायक्रोफोनचा वाटा सहसा सांगितला जात नाही.

केसरबाई केरकर यांची कथा याच्या उलट टोकाची. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे तपश्चर्या केलेल्या या गायिकेचे खरे गाणे मैफलीतले, दमसासाचे आणि विस्ताराचे. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या फार चोखंदळ होत्या. तरीही १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तांब्याची तबकडी अवकाशात गेली, तीवर भारतातर्फे त्यांचीच 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. दोन्ही याने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटली आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. या योगायोगावर भावुक लिखाण बरेच झाले आहे. अभ्यासकाने लक्षात घ्यायची गोष्ट साधी आहे: ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी मापून गायलेली ती भैरवी, जास्त संगीत मावावे म्हणून मिनिटाला १६⅔ फेऱ्यांवर ठरवलेल्या तबकडीवर पुन्हा उतरवली गेली. जगात सर्वांत दूर गेलेले हिंदुस्थानी गाणेही प्रतीची प्रतच आहे.

१९४८ मध्ये अमेरिकेत एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटे मिळू लागली. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाची एलपी तिथे निघाली. हिंदुस्थानी रागसंगीताला लांब पल्ल्याची तबकडी तेव्हा प्रथम लाभली. गायनात या सोयीचा कळस पाहायचा तर अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एलपी घ्यावी. मारव्यात कोमल रिषभ आणि धैवत षड्जाला बगल देत राहतात; श्रोता षड्जाची वाट पाहत ताटकळतो. हा ताण कळायचा तर मागे तंबोऱ्याचा षड्ज सतत ऐकू यायला हवा. चांगल्या प्रतीत तो येतो, त्यामुळे रिषभ लागताच अंगावर काटा येतो. आवाज 'साफ' करताना तंबोरा पुसला गेलेल्या प्रतीत तेच स्वर नुसते उदास वाटतात, त्यांची ओढ कळत नाही. ध्वनीचा दर्जा हा यंत्रांच्या हौशी लोकांचा विषय आहे, असे मानणाऱ्यांनी या दोन प्रती लागोपाठ ऐकाव्यात. प्रतीबरोबर इथे रागाचाच अर्थ बदलतो.

एलपीच्याच काळात स्पूलवर फिती भरणारे रसिक निघाले आणि पुढे कॅसेटने ते काम घरोघरी नेले. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये पुण्यात सुरू झाला. तेव्हापासून सार्वजनिक मंडपांत, दिवाणखान्यांत आणि देवळांच्या ओवऱ्यांत झालेले कितीतरी गाणे अशा फितींवर राहिले. यांत मायक्रोफोन तबल्याजवळ ठेवलेला असतो, मधेच फीत संपते, शेजारचा खोकतो, पंख्याची घरघर असते. तरीही गवई मोकळा असतो, समोर दाद देणारे बसलेले असतात आणि घड्याळ नसते. कुमार गंधर्व किंवा मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या चाहत्यांना विचारा. त्यांच्या जिवाचे ध्वनिमुद्रण सहसा कुठल्या तरी मैफलीचेच निघते. अशा प्रतींना कमी लेखायचे कारण नाही. त्यांचे दोष मात्र लेखात नोंदवावेत, हा आमचा आग्रह राहिला.

आता ऐकताना काय पाहावे, हे थोडक्यात.

पहिली गोष्ट वेग. '७८ ची तबकडी' हे नाव सरसकट पडले असले तरी सुरुवातीच्या काळात सगळी मुद्रणे त्या वेगावर झाली नव्हती. ७४ फेऱ्यांवर घेतलेली तबकडी ७८ वर वाजवली की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, लय वाढते, पुरुषाचा गळा बायकी आणि बाईचा गळा लहान मुलीचा होतो. साथीला हार्मोनियम असेल तर तिचा सूर आजच्या पेटीशी ताडून पाहावा. तो दोन पट्ट्यांच्या मधे पडला, तर वेगाविषयी शंका घ्यायला जागा आहे. जुन्या पेट्या एकाच मापाने लावलेल्या नसत, त्यामुळे हा निर्णायक पुरावा नव्हे. पण शोधाची सुरुवात इथून होते.

दुसरी गोष्ट तबकडीचे भोक. ते मध्यावर नसले की चर एकदा सुईच्या जवळ आणि एकदा लांब जातो आणि सूर मिनिटाला ७८ वेळा खाली-वर हेलकावतो. हा हेलकावा संथ असतो. दरबारीच्या गंधारावर तो आला, तर नवखा त्याला आंदोलनच समजेल. ओळखायची खूण अशी: आंदोलन ठरावीक स्वरावरच येते, तर हा हेलकावा षड्ज-पंचमासह साथीच्या पेटीलाही हलवतो.

तिसरी गोष्ट सुई. ७८ च्या चरासाठी लागणारी सुई एलपीच्या सुईहून साधारण तिप्पट जाड असते. एलपीची सुई त्या रुंद चरात वापरली की ती तळाशी टेकते, जिथे वर्षानुवर्षांची धूळ आणि झीज साचलेली असते. 'तबकडी फार खराब आहे' असे ज्यांच्याविषयी बोलले जाते, त्यांतल्या काही तबकड्या योग्य सुईखाली बऱ्याच बोलक्या होतात. एकाच वाटेने मुद्रित झालेले गाणे मागाहून ओढूनताणून दोन बाजूंना विभागलेल्या आवृत्त्याही टाळाव्यात. त्यांत गायकाचा चेहरा एका कानात आणि श्वास दुसऱ्या कानात असा प्रकार होतो.

चौथी गोष्ट सफाई. अधूनमधून येणारे टकटक आवाज आज बिनधोक काढता येतात. अखंड खरखर काढणे जोखमीचे, कारण ती ज्या पट्ट्यात असते त्याच पट्ट्यात व्यंजने, श्वास आणि जवारी असते. अति सफाई झालेली प्रत ओळखायला सोपे आहे: गायक थांबला की मागे एकदम पोकळी पडते आणि तो पुन्हा गाऊ लागला की खरखरही त्याच्याबरोबर परत येते. लहान आकाराच्या फायलींत तंबोरा पाणी खळखळल्यासारखा ऐकू येऊ लागला, तर तोही त्याच घराण्यातला दोष. खरखर असलेली पूर्ण प्रत आणि नितळ पण अर्धी प्रत यांत निवड करायची झाली, तर पहिली घ्यावी. खरखर कानाला वगळता येते. पुसलेले परत आणता येत नाही.

या क्षेत्रात जे नाही त्याचीही जाणीव ठेवायला हवी. अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत. दोघांचेही गाणे तबकडीत राहिले नाही. आरंभीच्या काळात पुष्कळ उस्तादांनी कर्ण्याकडे पाठ फिरवली. गौहरजान, झोहराबाई यांच्यासारख्या गायिका मात्र धीटपणे पुढे आल्या. म्हणून केवळ तबकड्यांवरून लिहिलेला संगीताचा इतिहास एकांगी ठरतो. तरी आडवाटा आहेत. अल्लादिया खाँसाहेबांची गायकी केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या तबकड्यांतून शोधता येते. भास्करबुवांनी 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या आणि त्या बालगंधर्वांच्या गळ्यातून तबकडीवर आल्या. पुस्तकातला नाट्यसंगीतावरचा विभाग या दृष्टीने वाचावा. रंगभूमीची आठवण म्हणून त्याचे मोल आहेच, पण शास्त्रीय गायकीचा पुरावा म्हणून ते अधिक आहे.

हे काम आमच्यापासून सुरू होत नाही. मायकेल किनिअर यांची ग्रामोफोन कंपनीच्या पहिल्या भारतीय मुद्रणांची सूची १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. तारखा आणि क्रमांक कसे लावावेत याचा तो वस्तुपाठ आहे. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने विखुरलेल्या संग्राहकांना एकत्र आणले आणि चोरबाजारातल्या तबकडीला अभ्यासाच्या टेबलावर जागा मिळवून दिली. अशोक रानडे यांनी संगीताबरोबर आवाजाचाही विचार करायला मराठी वाचकाला शिकवले. पुस्तकातल्या अनेक लेखांमागे या तिघांचे ऋण आहे.

वाटून ऐकण्याचा एक नियमही सांगायला हवा. भारतात प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा स्वामित्व हक्क साठ वर्षे चालतो. त्यामुळे ७८ फेऱ्यांच्या काळातली बहुतेक सगळी मुद्रणे आज खुली आहेत. खासगी मैफलीच्या फितींचे तसे नाही. तिथे कलाकाराचे स्वतंत्र हक्क असतात, आणि कायद्यापलीकडे एक साधा सभ्यपणाही असतो. घशाला त्रास होत असलेल्या संध्याकाळी चार जवळच्या माणसांसमोर गवई जे गायला, ते जगासमोर मांडण्यापूर्वी त्याच्या घरच्यांना विचारावे. पुस्तकात अशा फितींवरचे लेख संबंधितांच्या संमतीनेच घेतले आहेत. संग्रह कुलूपबंद ठेवणाऱ्यांशीही आमचे भांडण नाही. फक्त लाख ठिसूळ होते, फितीवरचा थर सुटतो, आणि एकाच घरातली एकुलती एक प्रत ही सर्वांत असुरक्षित प्रत असते, एवढे त्यांनी ध्यानात घ्यावे.

प्रत्येक लेखाच्या आरंभी चौकटीत त्या ध्वनिमुद्रणाचा पत्ता दिला आहे: कलाकार, राग, साथीदार, कंपनी, लेबलवरचा क्रमांक, लेबलाजवळच्या गुळगुळीत कड्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, मुद्रणाचे साल, लेखकाने ऐकलेली प्रत आणि ती ऐकलेले यंत्र. जिथे माहिती मिळाली नाही तिथे जागा कोरी सोडली आहे. अंदाजाने भरलेली नाही. सुरुवात कुठूनही करावी. नव्या श्रोत्याने एलपीच्या विभागापासून मागे जावे. किशोरी आमोणकरांच्या भूप-बागेश्रीच्या एलपीवरचा लेख त्यासाठी सोयीचा आहे. कान तिथे एकदा तयार झाला की खरखरीच्या प्रांतात शिरणे जड जात नाही. जुन्या श्रोत्याने उलट करावे: आपल्या लाडक्या तबकडीची दुसरी एखादी प्रत मिळवून दोन्ही शेजारी शेजारी ऐकाव्यात.

यातल्या निवडींवर मतभेद होणारच. केसरबाईंची ललित का नाही, फैयाज खाँसाहेबांना एवढी कमी पाने का, सतार मागे का पडली, हे आक्षेप आम्हाला छपाईपूर्वीच ऐकायला मिळाले आणि त्यांतले काही रास्त आहेत. पुढच्या आवृत्तीसाठी वाचकांचे लेख हवे आहेत, तक्रारीही हव्या आहेत. भांडायला अवश्य यावे. येताना आपली प्रत आणि तिचा पत्ता तेवढा बरोबर आणावा.